बुटकी पायरी

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीची तीन 'तू मजेत असशील' या वाक्यापाशीच अडकली, कारण तू मजेत नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून या वेळी ते वाक्यच गाळलं. दुपारचे सव्वादोन वाजलेत. बाबा जेवून आडवे झालेत, त्यांचा वॉकर पलंगाला टेकवून ठेवलाय, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलेय. बसलेय म्हणजे काय, चार ओळी लिहिल्या की उठते, जिन्यापाशी जाते, शेवटच्या पायरीवर चढते, उतरते आणि परत येऊन बसते. तू असतीस तर 'ताई, पायाला भिंगरी लागली की काय' म्हणाली असतीस आणि आपलंच नाव मला देऊन टाकलं म्हणून स्वतःच हसत सुटली असतीस.

फोनवर सांगायचा प्रयत्न करून झाला. रविवारी बाबांशी तू अर्धा अर्धा तास बोलतेस, पण फोन माझ्या हातात आला की तुझं दूध उतू जायला लागतं. एकट्या बाईचं दर रविवारी इतकं दूध कसं उतू जातं, असं परवा बाबांनीही विचारलं. आणि तसंही, ज्या माणसाने छत्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलं त्याच्या घरात महत्त्वाची गोष्ट पाकिटातूनच जायला हवी. पत्ता सुवाच्य लिही, तुझं अक्षर पोस्टमनचा जीव घेणारं आहे, असं त्यांनी मला झोपण्याआधी बजावलंय.

तुझं दोन महिन्यांपूर्वीचं पत्र समोर आहे. पाऊण पान बाबांच्या गोळ्यांबद्दल, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, जणू मला डबीवरचं वाचता येत नाही. आणि मग खाली, घाईत लिहिल्यासारखं: 'पाळणाघर सोडलं ते बरं झालं. माझ्या ताब्यात जिवंत माणूस देऊ नये कुणी. इथे गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवते. खोकं पडलं तर फार तर कोपरा चेपतो.' बारा वर्षं तू त्या पाळणाघरात एक पोर कडेवर, एक पायाला मिठी मारून आणि एक टेबलाखाली लपलेलं, असा कारभार केलास आणि एकाच्याही गुडघ्याला धड खरचटू दिलं नाहीस. मोठ्या बाई मला बाजारात भेटल्या होत्या. तुझा एप्रन अजून त्याच खुंटीवर आहे म्हणाल्या. नवीन मुलीला दुसरी खुंटी ठोकून दिली. मी 'हो का' एवढंच म्हणाले आणि भाजी न घेताच घरी आले.

तू जिना पुसलास म्हणून बाबा पडले, असं तू धरून चालली आहेस. नऊ महिने झाले. आणि तसं धरायला तुला मीच लावलं, हे आपण दोघी कधी बोललो नाही. त्या दिवशी हॉस्पिटलमधून तुझा फोन आला, तुला धड बोलता येत नव्हतं, 'ताई, सकाळी मी जिना पुसला होता गं' एवढं कसंबसं म्हणालीस. मी इकडे दुसऱ्या गावात, हातात पेन, समोर फायली. मी काय म्हणावं? मी विचारलं, 'तुझं लक्ष कुठे होतं?' चार शब्द. मग मी बाबांच्या रक्तदाबाचं विचारलं आणि तू आकडे सांगितलेस. आजवर मी पुष्कळांना पुष्कळ तोडून बोलले आहे, पण त्या चार शब्दांसारखं दुसरं काही मला टोचत नाही.

त्यातून ते माझ्या तोंडी यावेत याची गंमत बघ. माझी ताई पडलेल्या माणसांना आणि जळलेल्या दुकानांना 'का' विचारत फिरते, असं तू पाळणाघरातल्या आयांना सांगायचीस. आमच्या अपघात-तपासाच्या ऑफिसचे साहेब तर 'का' विचारायचं यंत्रच आहेत. त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नाही, सगळे 'का-सर' म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांचा एकच कडक नियम: अहवालात 'निष्काळजीपणा' आणि 'लक्ष नव्हतं' हे दोन प्रकार लिहायचे नाहीत. जो लिहील त्याने आठवडाभर सगळ्यांचे कप विसळायचे. ते म्हणतात, लक्ष कुणाचंच नसतं हो. माणूस जिना उतरताना जिन्याचा विचार करत नाही, भाजीचा करतो, पोराचा करतो, भांडणाचा करतो. जिन्याने ते धरून चाललं पाहिजे. अपघात झाल्यावर 'त्याचं लक्ष नव्हतं' म्हणणं म्हणजे तपास न करता घरी जाणं. मी नोकरीला लागले त्या वर्षी दोनदा कप विसळलेत. त्यानंतर कधी नाही. ऑफिसात कधीच नाही.

तुला त्या शिंप्याच्या दुकानातली इस्त्रीवाली बाई आठवते का? तिची हकीकत मी तुला इथेच सांगितली होती, तू भाजी निवडत होतीस. दुकान जळलं, सगळ्यांनी बोट तिच्याकडे दाखवलं, मालकाने, शेजाऱ्याने, तिच्या नवऱ्यानेसुद्धा. इस्त्री चालू ठेवून गेली, झालं. आणि तिलाही ते पटलं होतं. घरी तिने इस्त्रीला हात लावणं सोडलं, गॅस बंद केलाय का ते बघायला सात-आठ वेळा उठायची. आम्हाला राखेत तो प्लग सापडला. पिना काजळीने काळ्या झालेल्या. प्लग भिंतीत असता तर पिना आत झाकलेल्या राहून स्वच्छ निघाल्या असत्या. म्हणजे आग लागली तेव्हा प्लग बाहेर होता. आग दुसऱ्याच कोपऱ्यातून निघाली होती, कपाटाचा पाय पंख्याच्या वायरवर कित्येक वर्षं उभा होता तिथून. तिला सांगितलं तर ती आभार वगैरे काही मानेना, फक्त विचारत राहिली, 'म्हणजे मी काढला होता ना? मी काढला होता?' ते ऐकून तू भाजीचं ताट बाजूला सारून डोळे पुसलेस आणि म्हणालीस, तुझं काम चांगलं आहे ताई. मी खूश होऊन चहा ठेवला होता.

आता माझ्याबद्दल ऐक. तू घर सोडून गेलीस आणि मी इथे राहायला आले, त्याला आठ महिने होऊन गेले. माझी खोली वरची, तुझीच. तुझी उशी मात्र मी बदलली, ती दगड होती. ऑफिसचं निम्मं काम घरून करते, आठवड्यातून दोनदा जाऊन येते. बाबा खालीच झोपतात, त्यांना जिना बंद. वॉकर घेऊन अंगणाच्या फाटकापर्यंत जातात, पोस्टमनची वाट बघतात आणि आला की त्याची पिशवी उचलून बघतात. आताच्या पिशव्या हलक्या झाल्या म्हणतात, सगळी बिलं, एक प्रेमपत्र नाही. कुणी पडण्याबद्दल विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर आहे, 'जन्मभर लोकांच्या जिन्यांत पास झालो, घरच्या जिन्यात नापास.' लोक हसतात. मीही हसत असे. त्या वाक्यातच सगळं होतं, आणि मी हसत असे.

तुझं पत्र आल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी वरच्या गच्चीतून वाळलेले कपडे टबात भरून खाली आणत होते. टब दोन्ही हातांत, पाय दिसत नव्हते. शेवटच्या पायरीवरून उतरताना पाय जमिनीला आधीच लागला. कसं सांगू, पायाला वाटत होतं अजून थोडं खाली जायचंय आणि जमीन वरती आली. गुडघ्यात हिसका बसला, मी पुढे झोकांडले, टब गेला चपलांच्या रॅकवर आणि कपडे दारापर्यंत. मी रॅकला धरून उभी राहिले. तेवढ्यात पलंगावरून बाबांचा आवाज आला, 'सलाम केलास का?'

तुला आठवला का आपला सलाम? जिन्यावरून उतरणारा प्रत्येक जण खाली आला की चपलांच्या रॅकपुढे एकदा वाकायचा, आणि बाबा म्हणायचे, आमच्या घरात चपलांनाही मान आहे. नळवाले काका वर गच्चीतली टाकी बघून आले, त्यांनी सलाम केला. शेजारच्या काकूंनी वाटीसकट केला. तुझा चहा तिथेच दोनदा सांडला आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, भिंगरीच ती, धड चालेल कशी. मामा तर जाताना म्हणाले होते, तुमच्या घरात पाय जमिनीला लवकर लागतात, चांगला शकुन आहे. मामा चेष्टेने म्हणाले आणि अगदी बरोबर म्हणाले. कपडे तसेच पसरलेले टाकून मी खाली बसले आणि आठवायला लागले, हा सलाम सुरू कधी झाला. आई असताना नव्हता. आपण दोघी लहानपणी त्या जिन्यावरून डोळे मिटून, शर्यत लावून, एकमेकींना ढकलत उतरलोय. तेव्हा कुणी वाकलं नाही.

मग मी टेप आणली. लहानपणी बिस्किट मोडताना मी पट्टी लावायचे म्हणून तू मला फूटपट्टी म्हणायचीस ना, तीच फूटपट्टी सहा महिने त्या जिन्यावरून दिवसातून सहा वेळा चढत-उतरत होती आणि तिने एकदाही तो मोजला नव्हता. तेरा पायऱ्या. वरच्या बाराही पायऱ्यांची उंची साडेसतरा सेंटिमीटर, एखाद-दुसरा मिलिमीटर इकडे तिकडे. जुन्या मिस्त्र्यांच्या हाताला सलामच. शेवटची, जमिनीला टेकणारी, चौदा. साडेतीन सेंटिमीटरने बुटकी. तुला हे काहीच वाटणार नाही, माझ्या करंगळीच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण पायाला अर्धा-पाऊण सेंटिमीटरही पुरतो. माणूस जिना डोळ्यांनी उतरत नाही, पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय उंची पाठ करतात आणि पुढचं सगळं पाठांतरावर चालतं. बाबांच्या पायांइतकं ते कुणाचं पाठ असणार? बारा वेळा साडेसतरा, आणि तेराव्या वेळेला खोटं. हात मोकळे असले तर कठडा धरून सावरतो, त्यालाच आपण सलाम म्हणायचो. त्या दिवशी बाबांच्या दोन्ही हातांत गोधडी होती, उन्हात टाकायला आणत होते.

मी तेवढ्यावर थांबले नाही, तुझ्यासाठी थांबले नाही. तू पुसल्याचं काय, ते मला बघायचंच होतं. तुझीच बादली घेतली, तेच फडकं, तू पिळतेस तसं घट्ट पिळलं आणि सगळा जिना पुसून घड्याळ लावून बसले. चोवीस मिनिटांत शेवटची पायरी कोरडी ठणठणीत. मग ढगाळ दिवस बघून पुन्हा केलं, खिडकी बंद ठेवून. चाळीस मिनिटं लागली. तिसऱ्यांदा फडकं न पिळताच पुसलं, मुद्दाम वाईट पुसलं, तासाभरात वाळलं. तू साडेनवाला पुसलास आणि बाबा पडले ते पावणेबाराला, तू पाळणाघरातल्या मुलांना जेवायला बसवायला निघालीस तेव्हा. सव्वादोन तास, भिंगरी. तिथे पाण्याचा थेंब नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगते, ती मात्र लिहिताना हात अडतोय, म्हणून आत्ता उठून पाणी पिऊन आले. घसरलेला माणूस मागे पडतो. पाय पुढे निसटतात आणि तो बसतो, पाठ नाहीतर माकडहाड शेकतं. ठेचकाळलेला माणूस पुढे पडतो, हात पुढे करून. हे मी नवीन लागलेल्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. बाबांच्या हॉस्पिटलच्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं: दोन्ही तळव्यांना खरचटलेलं, हनुवटीला दोन टाके, उजव्या खुब्याचं हाड मोडलेलं. चष्मा दाराशी सापडला, गोधडी रॅकवर, हे तूच सांगितलंस. तो कागद मी गोळ्यांची नावं बघायला वीस वेळा तरी हातात घेतला असेल. ओल्या पायरीवरून घसरलेल्या माणसाचे तळवे कसे सोलतील? परक्या कुणाचा कागद असता तर मी पहिल्या मिनिटाला म्हणाले असते, हा माणूस घसरलेला नाही, आणि त्या घरातल्या मुलीची त्याच दिवशी सुटका झाली असती.

आता पायरी बुटकी का झाली? पायरीला काही झालंच नाही, जमीन वर आली. खालच्या दोन्ही खोल्यांची फरशी आपण नवी केली ना, आई गेल्यानंतरच्या थंडीत. आपण म्हणजे मीच. जुनी फरशी फोडली नाही, तिच्यावरच सिमेंटचा माल पसरून नव्या टाइल्स बसवल्या. फोडायची म्हटली असती तर धुरळा, बाबांचा दमा, आठ दिवस घर उघडंवाघडं. वरून बसवली तर दोन दिवसांत काम. जमीन वर आली म्हणून सगळी दारं खालून तासून घेतली, तेवढं बरोबर लक्षात राहिलं, कारण दार घासलं की आवाज होतो. मोजल्या दिवशी मी रागाने लाल होऊन मिस्त्रींना फोन लावला. चांगलं फैलावर घेतलं, वीस वर्षं काम करता, एवढं कळू नये का, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'मॅडम, मी विचारलं होतं तुम्हाला. म्हटलं, खालची पायरी बुटकी होईल, चालेल का? नाहीतर सगळ्या जिन्यावर थोडा थोडा माल चढवून सारखं करून देतो, एक दिवस जादा लागेल. तुम्ही फोनवर होता. हाताने असं केलंत आणि म्हणालात, चालेल, चालेल.'

मला आठवलं. त्यांनी 'बुटकी' म्हटलं नसतं तर कदाचित आठवलं नसतं, पण त्या शब्दासकट सगळं समोर आलं. मी अंगणात उभी होते, कुठल्याशा गोदामाच्या आगीचा अहवाल फोनवर वाचून दाखवत होते, आणि मिस्त्री दारात हाताला सिमेंट लागलेले उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

का-सरांची पद्धत आहे, पाच वेळा 'का' विचारल्याशिवाय फाइल मिटवायची नाही. मी स्वतःलाच विचारत बसले. बाबा का पडले, पाय आधी लागला. का लागला, पायरी बुटकी होती. का होती, फरशी वर आली आणि जिना सारखा केला नाही. का नाही केला, मी चालेल म्हणाले. का म्हणालीस? इथे मी अडकले, कारण माझ्या पेनात 'लक्ष नव्हतं' एवढंच येत होतं, आणि ते लिहिलं की कप विसळायचे. तीन दिवस घरभर फेऱ्या मारल्या तेव्हा पाचवं उत्तर सापडलं. एक दिवस जादा लागणार होता आणि मला तो इथे काढायचा नव्हता. आई गेल्यावर मला या घरात दोन दिवसांच्या वर राहवत नव्हतं. तिची खुर्ची, तिचा तो चष्म्याचा डबा. नवी फरशी करून दिली म्हणजे माझा वाटा उचलला, आणि गाडी पकडून मोकळी झाले. तू राहिलीस. जिना पुसायला, गोळ्या द्यायला, बाबांच्या त्याच त्या विनोदांना हसायला तू इथे होतीस, आणि 'लक्ष कुठे होतं' हे विचारायला मी तिकडून फोनवर.

काल बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, निदान गप्प होतील. त्यांनी आधी विचारलं, साडेतीनच का, चार नाही? मग वॉकर घेऊन आले, टक टक करत, पायरीपाशी उभे राहिले आणि वॉकरच्या पायाने तिला ढोसलं. म्हणाले, 'म्हणजे टपाल चुकीच्या दारात पडलं होतं. नऊ महिने पोरगी दुसऱ्याचं पाकीट छातीशी धरून बसली.' मी म्हटलं, माझंच आहे ते पाकीट. 'मग परत मागून घे,' म्हणाले, 'आणि मला चहा दे.' चहा पिताना मात्र त्यांनी विचारलं, तिला लवकर कळेल ना? मी हो म्हणाले.

लवकर. हा शब्द लिहून मी परत जिन्यापर्यंत जाऊन आले. मी तो जिना मोजल्याला आज सत्तावन्न दिवस झाले. सत्तावन्न दिवस मला माहीत होतं की तू काही केलेलं नाहीस. मधले आठ रविवार तुझा फोन येऊन गेला, तू बाबांना गोदामातल्या खोक्यांबद्दल सांगत होतीस आणि मी शेजारी बसून नखं कुरतडत होते. पुसण्याचे प्रयोग बाकी आहेत, ढगाळ दिवस मिळू दे, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. प्रयोग पहिल्या पंधरवड्यातच संपले होते. खरं हे की, तुझ्यापुढे मी नेहमी शहाणी राहिले, आणि ते मला सोडवत नव्हतं. जिना मी आधी बघितला नाही, ती एक गोष्ट. पण या सत्तावन्न दिवसांत माझं लक्ष पूर्ण होतं, भिंगरी, आणि तरी मी बोलले नाही. त्याला आमच्या अहवालात रकाना नाही. त्याची माफी मी तुझ्याकडे वेगळी मागते.

पत्र आजच घातलं पाहिजे, कारण येत्या सोमवारी मिस्त्री येणार आहेत. खालच्या दोन्ही खोल्यांची नवी फरशी फोडून जमीन पुन्हा जुन्या उंचीला नेणार. मोजल्यापासून त्या पायरीवर मी पिवळी पट्टी चिकटवलेली आहे, तीही पुसट व्हायला लागली. आमच्या कामाचा पहिला नियम तुला ठाऊक आहे, ज्याच्यावर आळ आहे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय जागेला हात लावायचा नाही. एकदा फोडली की ती पायरी परत कधी बुटकी दिसणार नाही, आणि मग तुझ्याकडे फक्त माझा शब्द उरेल. माझ्या शब्दावर तू विसंबावंस असं मी काही केलेलं नाही. म्हणून तू ये. रविवारच्या आत ये, नाही जमलं तर मिस्त्रींना मी थांबवून ठेवीन, महिनाभर थांबवीन. घरात शिरलीस की माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, सरळ जिन्यापाशी जा आणि तेराही पायऱ्या मोज. माझी टेप वापरू नकोस, तुझी शिवणाची घेऊन ये. मोजून झालं की बाबांना आकडा मोठ्याने सांग, ते पलंगावर वाट बघत असतील. आणि मग मोठ्या बाईंकडे जा, खुंटीवरचा एप्रन धुवायला झालाय.

तुझीच,
लक्ष नसलेली ताई